भाचीला खरं कधी सांगायचं?

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. त्यांची मोठी बहीण, दाजी आणि भाची २०१७ ला व्हिजिटर व्हिसावर न्यूयॉर्कला गेले ते परत आलेच नाहीत. क्वीन्समध्ये एका बेसमेंटमध्ये राहतात, दाजी एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये कॅशवर कामाला, बहीण लोकांची मुलं सांभाळते आणि पोळ्या करून देते. तिकडे गेल्यावर एक मुलगा झाला, तो आता सहा वर्षांचा. भाची साडेचौदा वर्षांची आहे, नववीत, हुशार, आणि आपल्याकडे तिकडे राहायचे कायदेशीर पेपर नाहीत हे तिला घरात कोणीच सांगितलेलं नाही. आता शाळेची स्पेनची ट्रिप निघालीये, तिला जायचंय, घरात रोज रडारड. ताई विचारतायत की तिला सांगावं का, सांगितलं आणि ते शाळेत कळलं तर काढून टाकतील का, आणि पुढे तिचं काय होणार.

मी मूळची साताऱ्याची, क्वीन्सच्या सरकारी हायस्कूलमध्ये सोशल वर्कर म्हणून २१ वर्षं झाली. वकील नाहीये, त्यामुळे कायद्याचं जे सांगते ते वकिलाकडे जाताना डोक्यात काय असावं एवढ्यापुरतंच धरा. पण अशा घरातली मुलं रोज माझ्यासमोर बसतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल चार गोष्टी नक्की माहितीयेत.

आधी उत्तर देऊन टाकते. हो, सांगा, ट्रिपच्या निमित्तानेच सांगा, सोळाव्या वर्षापर्यंत थांबू नका. शाळेतनं कोणी काढणार नाही. आणि पुढे काय हे बरंचसं तारखांवर आहे, म्हणून तर लवकर सांगायचं.

शाळेचं आधी संपवते कारण आईबापांची सगळ्यात मोठी भीती तीच असते. टेक्सासमध्ये टायलर नावाचं गाव आहे, तिथल्या शाळांनी १९७७ मध्ये पेपर नसलेल्या मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर मागायला सुरुवात केली. शेतात, कारखान्यात राबणारी मेक्सिकन कुटुंबं, एवढे पैसे आणणार कुठून. त्यातली चार कुटुंबं कोर्टात गेली. जज्जने सुनावणी पहाटे सहाला ठेवली, लोकांची गर्दी आणि त्रास नको म्हणून, आणि ही माणसं मुलांना घेऊन आली ती गाडीत सामान भरूनच, कारण त्यांना वाटत होतं की कोर्टातनं थेट देशाबाहेर काढतील. कोणी काढलं नाही. केस सुप्रीम कोर्टात गेली आणि १९८२ मध्ये ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला की आईबापांच्या कृत्यापायी मुलाला शाळेपासून तोडता येणार नाही. एका मताने हो! त्या एका मतावर आज लाखो मुलं बारावीपर्यंत शिकतायत. तर भाचीच्या शाळेला तिचा व्हिसा विचारायचा अधिकारच नाही, सोशल सिक्युरिटी नंबर (इथला आधारसारखा सरकारी नंबर, आम्ही नुसतं सोशल म्हणतो) नसेल तर अडवायचा अधिकार नाही, आणि तिची फाईल शाळेने अशीच कुणाला द्यायचीही नसते.

मात्र एक गोष्ट बदललीये. शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं अशा जागी धरपकड टाळायची असा इमिग्रेशनवाल्यांचा २०११ पासूनचा जो लेखी संकेत होता तो जानेवारी २०२५ मध्ये काढून घेतला गेला. मुलांना शाळेत यायचा हक्क आहे तसाच आहे, पण आया गेटपर्यंत यायच्या त्या कोपऱ्यावरूनच मुलाला सोडून जायला लागल्या, पालकसभेला खुर्च्या रिकाम्या. लहान मुलांना एवढंच कळतं की आई हल्ली शाळेत येत नाही.

आता गरिबी. इंडियातल्या लोकांना वाटतं अमेरिकेतली गरिबी म्हणजे काय, गाडी जुनी असेल. ताई, तुमच्या बहिणीने फोनवर किती सांगितलंय माहीत नाही, बहुतेक काहीच सांगितलं नसणार, व्हिडिओ कॉल पण अशा कोपऱ्यात बसून करतात की मागे फक्त देव्हारा दिसेल. बेसमेंट म्हणजे बऱ्याचदा एका खोलीचे पडदे लावून केलेले तीन भाग, त्यात दोन कुटुंबं, खिडकी फुटभर आणि ती पण रस्त्याच्या लेव्हलला. हीटिंग बंद पडलं तरी घरमालकाला सांगायचं नाही कारण ती जागाच बेकायदेशीर भाड्याने दिलेली, तक्रार केली तर आपणच रस्त्यावर, मग ओव्हनचं दार उघडं टाकून थंडी घालवायची. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाचा पाऊस पडला तेव्हा न्यूयॉर्क शहरात १३ माणसं गेली, त्यातली ११ अशा बेसमेंटमध्ये. तेव्हा ट्रिपचं नंतर, आधी बहिणीला विचारा की त्या जागेला बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का.

आणखी एक, तुमच्या बहिणीला हे ऐकायला आवडणार नाही. परवडत नाही म्हणून दुसऱ्या कुटुंबाबरोबर दाटीवाटीने राहणारं मूल इथल्या १९८७ च्या एका कायद्यात बेघर धरतात. शब्द वाईट आहे, मला माहितीये. मी सांगितलं की पालक उसळतात, आम्ही काय फुटपाथवर राहतो का मॅडम. पण त्या एका शब्दामुळे पत्त्याचा पुरावा नसला, जुन्या शाळेचा दाखला नसला तरी प्रवेश त्याच दिवशी द्यावा लागतो, आणि घर बदललं तरी मुलाला तीच शाळा चालू ठेवता येते, जायच्या यायच्या सोयीसकट. घरं तर ही माणसं वर्षाला एक बदलतात. आधी घ्या तो हक्क, अपमान नंतर वाटून घेऊ, असं मी सरळ सांगते.

जेवणाची एक गोष्ट सांगते. सप्टेंबर २०१७ पासून शहरातल्या सगळ्या सरकारी शाळांत दुपारचं जेवण सगळ्यांनाच फुकट आहे, भाचीला तर ते मिळतंच. त्याआधी फॉर्म भरावा लागायचा, आणि फॉर्मवर घरातल्या एका मोठ्या माणसाच्या सोशलचे शेवटचे चार आकडे मागायचे. नसेल तर 'नाही' असा चौकोन होता, त्यावर टिक केली की झालं, कोणी पुढे विचारत नव्हतं. पण आईबाप त्या चौकोनाला एवढे घाबरायचे की फॉर्मच द्यायचे नाहीत. मी एक मुलगा बघायचे, सहावीतला, रांगेत उभा राहायचा, ट्रे उचलायचा, आणि काउंटर यायच्या आधी काहीतरी विसरल्यासारखं करून ट्रे ठेवून वळायचा. रोज. सगळ्यांना वाटायचं त्याला भूक नसते.

आणि दात! या मुलांचे दात हा माझा जुना राग आहे. दहावीतली एक मुलगी सतत गालावर हात ठेवून बसायची, जवळ गेलं की लवंगेचा वास, आईने दाढेत लवंग धरायला सांगितलेली. आठ महिने. कुणी डेंटिस्टकडे नेलं नव्हतं कारण इन्शुरन्स नाही आणि बिलावर नाव येईल ही भीती. न्यूयॉर्क राज्यात १९ वर्षांखालच्या मुलांसाठी चाइल्ड हेल्थ प्लस नावाचा विमा आहे, त्यात पेपर विचारत नाहीत, कमी उत्पन्न असेल तर हप्ताही नाही, आणि दात डोळे दोन्ही येतात. तुमच्या भाचीचा आहे का विचारा. तिच्या भावाचा असेल, कारण तो इथे जन्मला आणि त्याचं सगळं हॉस्पिटलनेच सुरू करून दिलं असेल. एकाच घरात एका मुलाला चष्मा मिळतो आणि दुसरं मूल डोळे बारीक करून फळा वाचतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी घरातल्या धाकट्याचं आधी विचारते आणि मग थोरल्याकडे बघते.

पण भूक आणि थंडी यांच्यावर काही ना काही तोड निघते, शाळा आहे, रिचमंड हिलचं गुरुद्वारा आहे, तिथल्या लंगरने किती मुलं जगवलीत मोजदाद नाही, मराठी गुजराती पंजाबी सगळी. या मुलांना जी गोष्ट आतनं पोखरते ती म्हणजे गप्प राहायची सवय आणि वयाच्या आधी घरचं मोठं माणूस होणं. वीजबिल भाची वाचते. घरमालकाचं पत्र भाची वाचते. आई दवाखान्यात गेली की डॉक्टरला आईच्या पाळीबद्दल इंग्रजीत भाची सांगते आणि डॉक्टर काय म्हणाला ते आईला मराठीत सांगताना अर्धं गाळते, का तर आई घाबरेल. असं करू देऊ नका हं. हॉस्पिटलने दुभाष्या फुकट द्यायचा असतो, फोनवर मराठीसुद्धा मिळतो, फक्त 'मराठी इंटरप्रिटर' एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. बहिणीने मुलीला बाहेर बसवावं.

या मुलांना हिशोब फार लवकर येतो. बाबांना तासाला ११ डॉलर मिळतात आणि शहरात २०२५ चं किमान वेतन १६.५० आहे हे सांगणारी नववीतली मुलं आहेत माझ्याकडे, साडेपाच गुणिले आठवड्याचे ७० तास असं मांडून दाखवतात. न्यूयॉर्कमध्ये किमान वेतनाला पेपर लागत नाहीत, पेपर नसलेल्या माणसाचे पैसे बुडवले तरी तो गुन्हाच. दाजींनी निदान रोजचे तास एका वहीत लिहून ठेवावेत.

आता गप्प राहण्याबद्दल, आणि इथे माझी स्वतःची एक चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी असेल. उन्हाळ्यात मुलांना पगारी काम देणारा सरकारी प्रोग्रॅम असतो, मी एका अकरावीच्या पोराचं नाव उत्साहाने घातलं, कष्टाळू मुलगा, घरी पैशाची ओढ. त्याचा सोशल नंबर काही येईना. मी वर्गात जाऊन विचारलं, आणला का. उद्या आणतो. परत विचारलं. तिसऱ्यांदा तर सगळ्यांसमोर म्हणाले, अरे एवढे पैसे सोडतोयस का, आईला सांग नुसता फोनवर वाचून दाखवायला! त्या दिवसानंतर तो नऊ दिवस शाळेत आला नाही. मला कळेना झालं काय. शेवटी त्याची धाकटी बहीण माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली की मिस, त्याच्याकडे तो नंबर नाहीये, घरात कोणाकडेच नाहीये, प्लीज परत विचारू नका. दहा वर्षांची असेल. तेव्हापासून मी कुठल्याही मुलाला चारचौघात कागद मागत नाही, आणि कोणी 'उद्या आणतो' दोनदा म्हणालं की विषय बदलते. तो मुलगा परत आला, पास पण झाला, पण माझ्या ऑफिसात कधी पाऊल ठेवलं नाही त्याने.

म्हणून सांगते, तुमची भाची रडतेय ती स्पेनसाठी नाही फक्त. तिला आईबाबा 'पैसे नाहीत' म्हणून सांगत असणार, आणि शाळा म्हणत असणार की पैसे आम्ही अर्धे देऊ, मग तिने घरी येऊन सांगितलं असणार की अर्धेच लागतील, मग घरच्यांनी दुसरं कारण काढलं असणार. प्रत्येक कारण ती सोडवून आणते आणि घरचे नवीन काढतात. हुशार मुलीला असं चार वेळा केलं की ती एकतर आईबापांना कंजूष समजते नाहीतर स्वतःला नकोशी.

आणि खरं सांगू का, बऱ्याचदा त्यांना माहीत असतं. एक आई होती, आपलीच, कोल्हापूरकडची. मुलीला सांगायची हिंमत होईना म्हणून म्हणाली मॅडम तुमच्या समोर सांगते. आली, डब्यात माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू, अर्धा तास इकडचं तिकडचं, मग एकदाचं बोलली की बाळा आपल्याकडे इथले पेपर नाहीत. मुलगी म्हणाली, हो आई, चौथीपासून माहितीये. आई नुसती बघत राहिली. मुलगी म्हणे, सगळे फॉर्म मीच भरते ना, तुझा पासपोर्ट माझ्याच हातात असतो, त्यात शिक्का होता, तारीख होती, मी गुगल केलं. मग बोलली का नाहीस गं? तर म्हणाली, तू रडली असतीस आणि दुसऱ्या दिवशी तुझी सहाची शिफ्ट होती. म्हणजे पाच वर्षं आई मुलीपासून लपवत होती आणि मुलगी आईपासून, एकाच बारा बाय दहाच्या खोलीत.

सांगायचं कसं, तर सगळं एका बैठकीत नको. आईबाप दोघांनी मिळून सांगावं, एकटीवर टाकू नये. आपण इथे आलो, परत जायची तारीख होती, आम्ही राहिलो, तो निर्णय आमचा होता, तुला विचारून घेतला नव्हता. तू सहा वर्षांची होतीस. तुझ्या शाळेला धोका नाही. विमानाने देशाबाहेर गेलीस तर परत येता येणार नाही, म्हणून स्पेन नाही, पैशामुळे नाही. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही हे पण तिच्याशी बोलून ठरवा, 'कोणालाच नाही' असं म्हणू नका, एक तरी मोठं माणूस तिचं स्वतःचं असू दे, काउन्सेलर, मावशी, कोणीही. तुम्ही फोनवर आहातच की. ती चिडेल. चिडू द्या. काही मुलं महिनाभर बोलत नाहीत, काहींचे मार्क घसरतात, अभ्यास करून काय उपयोग म्हणतात, त्यावेळी घाईघाईने समजूत घालायला जाऊ नये.

कोणी दारावर आलं तर दार कोण उघडणार हे पण ठरवा, मुलांनी उघडायचं नाही. आणि उद्या आईबाबांना धरलं तर धाकट्याला शाळेतून कोण आणणार, कोणाकडे राहणार, याचा कागद न्यूयॉर्कमध्ये आधीच करून ठेवता येतो. नाव देताना त्या माणसाला विचारून द्या. मला एकदा फॉर्मवर माझंच नाव सापडलं होतं!

आता तारखा. सगळ्यांना वाटतं ओबामांनी मुलांसाठी काहीतरी केलं होतं ना, त्यात बसेल. ती म्हणजे डाका योजना, १५ जून २०१२ ची. त्यात सोळाव्या वाढदिवसाआधी आलेलं असणं आणि १५ जून २००७ पासून सलग इथे असणं ही अट होती. तुमच्या भाचीचा २००७ मध्ये जन्मही झालेला नव्हता. आजच्या हायस्कूलमधली जवळपास सगळीच मुलं त्या तारखेच्या अलीकडची आहेत, आणि तसंही २०२१ पासून कोर्टाने नवीन अर्ज मंजूर करणं थांबवलंय, जुन्यांची मुदत दोन दोन वर्षांनी वाढते एवढंच. तर डाकाच्या नावाने कोणी पैसे मागितले तर उठून यायचं.

तिच्यासाठी महत्त्वाचा आकडा आहे साडेअठरा. इथला १९९६ चा कायदा असा की बेकायदेशीरपणे १८० दिवसांपेक्षा जास्त राहून मग देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, एक वर्ष किंवा जास्त राहिलं असेल तर दहा वर्षं. तुमच्या बहिणीची आणि दाजींची ती दहा वर्षांची बंदी केव्हाच तयार झालीये, ते बाहेर पडले की लागू, म्हणून तर आई गेली तरी ही माणसं येऊ शकत नाहीत. एका बाईला मी लॉन्ड्रीत बसून फोनवर सासूचा दहावा बघताना पाहिलंय, मशीनमध्ये नाणी टाकायला तेवढी उठायची. पण मुलांचे दिवस अठरा पूर्ण होईपर्यंत मोजत नाहीत. घड्याळ अठराव्या वाढदिवसाला सुरू होतं, १८० दिवस म्हणजे अंदाजे साडेअठरा. त्याच्या आत ती इंडियात परत आली तर तिच्यावर ती बंदी बसत नाही. पुढे कधी स्टुडंट व्हिसा मागितला तर देतीलच असं नाही, आईबाप तिकडेच राहिलेत हे अधिकाऱ्याला दिसणार, पण निदान कायद्याने दार बंद नसेल. हा निर्णय घ्यायला तिच्याकडे चार वर्षं आहेत, आणि ज्या मुलीला काही माहीतच नाही ती निर्णय काय घेणार? मी अशी मुलं पाहिलीत ज्यांना हे एकोणिसाव्या वर्षी कळलं.

दुसरं म्हणजे पासपोर्ट. ती व्हिसावर, विमानतळावर शिक्का मारून आत आलीये, बॉर्डर ओलांडून नाही. फरक जमीन अस्मानाचा आहे. उद्या तिने अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं तर शिक्का मारून आत आलेल्या माणसाला देश न सोडता ग्रीनकार्डचा अर्ज करता येतो, डंकीने, म्हणजे चोरून बॉर्डर ओलांडून, आलेल्याला साधारणपणे येत नाही. लग्न लावून द्या असं म्हणत नाहीये मी, चौदा वर्षांची पोर आहे, एवढंच म्हणतेय की तो जुना पासपोर्ट, व्हिसाचं पान, आय-९४ ची, म्हणजे देशात आल्याच्या सरकारी नोंदीची, प्रिंट हरवू देऊ नका. एक्सपायर झाला म्हणून फेकून देणारे लोक आहेत. धाकटा भाऊ २१ चा झाला की आईबाबांसाठी अर्ज करू शकेल. भाचीसाठी, म्हणजे त्याच्या बहिणीसाठी, पण करता येतो पण भावंडांची इंडियाची रांग दशकांची आहे आणि तिच्यासारखीला इथे राहून त्यातून काही मिळत नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

याशिवाय काही वाटा आहेत ज्या मुलांना कोणी सांगत नाही. आई किंवा बापाने टाकलंय, मारहाण केलीये अशा मुलांना फॅमिली कोर्टामार्फत ग्रीनकार्डकडे जाता येतं, २१ च्या आत. एखाद्या गुन्ह्याचा बळी असेल आणि पोलिसांना मदत केली असेल तर यू व्हिसा आहे, वर्षाला दहा हजारच देतात म्हणून रांग प्रचंड. तुमच्या भाचीला यातलं काही लागू नसेलही, पण वकिलाने विचारायला हवं.

आणि वकील म्हणजे वकीलच, नाहीतर सेवाभावी संस्थेतला जस्टिस खात्याची मान्यता असलेला प्रतिनिधी. ट्रॅव्हल एजन्सीच्या मागच्या खोलीत बसणारा 'आपला माणूस' नको. हे लोक वर्क परमिट काढून देतो म्हणून तीन चार हजार डॉलर घेतात आणि खोट्या कहाणीचा असायलमचा, म्हणजे आश्रय मागण्याचा, अर्ज ठोकून देतात, घरच्यांना वाचून पण दाखवत नाहीत. तो नाकारला की फाईल इमिग्रेशन कोर्टात, तारखेला गेलं नाही की हद्दपारीचा हुकूम, आणि त्यावर मुलीचं पण नाव. त्या कोर्टात लहान मुलालासुद्धा सरकार वकील देत नाही. बहिणीला विचारा असं काही केलंय का कधी. केलं असेल तर लपवू नका.

एक चूक मात्र कधीच नाही, मी अमेरिकन सिटिझन आहे असं कुठेही लिहायचं नाही. सोळा सतराव्या वर्षी कुठे काम मिळतं, फॉर्मवर चौकोन असतो, मैत्रीण म्हणते अगं टिक कर कोण बघतंय. ती एक टिक जन्माची अडते, तिला माफी जवळपास नाही. मतदार नोंदणीचा फॉर्म पण तसाच. हे भाचीला तुम्ही स्वतः सांगा. टॅक्सबद्दल आधी मी सगळ्यांना सांगायचे की नऊ आकडी टॅक्स नंबर काढा आणि इमानदारीत भरा, पुढे उपयोगी पडतं. एप्रिल २०२५ मध्ये टॅक्स खात्याने इमिग्रेशनवाल्यांशी माहिती देण्याचा करार केला तेव्हापासून म्हणते आधी वकिलाला विचारा.

कॉलेजचं राज्यावर आहे. न्यूयॉर्क बरं आहे, इथल्या हायस्कूलमधून पास झालेल्याला पेपर नसले तरी राज्यातल्या मुलांचीच फी लागते, आणि २०१९ च्या कायद्याने राज्याची मदतही मिळते. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारची, मदत नाही, त्याचा फॉर्म भरायचा नाही. सोळाव्या वर्षी लर्नर लायसन पण मिळेल, डिसेंबर २०१९ पासून सोशल लागत नाही. टेक्सासने २००१ मध्ये सगळ्यांच्या आधी अशा मुलांना कमी फी दिली होती आणि २०२५ मध्ये तिथेच ती बंद झाली. म्हणून दाजींना कोणी टेक्सासला मोटेलमध्ये जास्त पगाराचं काम दाखवलं तर मुलीचं हायस्कूल होईपर्यंत विचार करून हलावं.

राहता राहिले आपले लोक. तुमची बहीण मराठी मंडळात जात नाही, बरोबर? फ्लशिंगच्या गणपतीला गेली तरी दर्शन घेऊन निघते, कँटीनमध्ये थांबत नाही. कारण तिथे दुसराच प्रश्न असतो, तुमचं एच-वन का, ग्रीनकार्ड झालं का. मला आता त्याची चीड येते. त्याच टेबलावर बसलेल्यांची इंडियात जन्मलेली पोरं एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्यांच्या बायकामुलांच्या व्हिसावर, असतात आणि ग्रीनकार्डच्या रांगेत २१ पूर्ण झाली की त्यांचंही स्टेटस जातं, ती पण लहानपणीच आलेली, ती पण इथेच वाढलेली. आणि मराठी माणूस असलं काही करत नाही हे पण ऐकलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानातून जे १०४ भारतीय अमृतसरला उतरवले त्यात तिघं महाराष्ट्रातले होते.

तुम्हाला नाशिकला बसून काय करता येईल? एक काम आहे आणि ते फक्त तुम्हीच करू शकता. भाचीचा जन्मदाखला महापालिकेतून नव्याने काढा, मराठी इंग्रजी दोन्हीतला. त्यावर तिचं नाव आहे का बघा, बऱ्याच जुन्या दाखल्यांवर नुसतं 'मुलगी' आणि आईबापांची नावं असतात, नावाची नोंद नंतर कोणी करतच नाही, आणि इथे तोच कागद प्रत्येक फाईलला पहिला मागतात. नसेल तर नाव घालून घ्या, स्पेलिंग पासपोर्टवर आहे तेच. बहिणीचा मॅरेज सर्टिफिकेट आणि भाचीचं लसीकरणाचं कार्ड माळ्यावर कुठे असेल तर ते पण शोधा. स्कॅन करून ठेवा, ओरिजिनल पोस्टाने पाठवू नका, कोणी खात्रीचं येत असेल तर त्यांच्या हातात द्या. बेसमेंटचा पत्ता तोपर्यंत बदललेला असेल, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी विचारून घ्या.